घाटावरचं गाव आणि कागदावरचं घर

(आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ ताईंनी केलेलं हे भाषण. त्या दिवशी ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि आलेल्यांना घरी वाचून दाखवता यावं म्हणून, त्यांच्याच शब्दांत छापत आहोत.)



मला अध्यक्षाताई म्हणाल्या, "ताई, हिशेब, कर्जवसुली, ऑडिट हे सगळं सकाळपासून ऐकून बायका कंटाळल्यात. तुम्ही आपलं काही तरी हलकं बोला. तुमच्या लहानपणचं सांगा." मी म्हटलं, बरं. माहेरचं बोल म्हटल्यावर कुठली बाई नाही म्हणेल? पण आधीच सांगते, सुरुवात हलकी असली तरी शेवट हलका नाही. तेव्हा चहा झाला म्हणून उठून जाऊ नका.

माझं माहेर वाई. कृष्णेच्या काठचं गाव. आता तुम्ही महाबळेश्वर-पाचगणीला सहलीला जाता तेव्हा वाईवरूनच जाता, पण गाडी थांबते ती मिसळ खायला नाही तर ढोल्या गणपतीला. त्या देवळाची मागची भिंत कधी नीट बघितलीय का? माशाच्या आकाराची आहे. 1762 साली सरदार रास्त्यांनी ते देऊळ बांधलं, तेव्हा पुराचं पाणी दोन्ही बाजूंनी वाटून जावं म्हणून मागची बाजू तशी केली. आम्ही लहानपणी पूर आला की छत्र्या नाहीत म्हणून डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बघायला जायचो. पाणी पायऱ्या चढत यायचं, गणपतीच्या पायाशी यायचं आणि दोन्हीकडं फाकून निघून जायचं. आजी म्हणायची, "बघ, वाट दिली की पाणीबी ऐकतं."

वाईला कृष्णेवर सात घाट. आमचं घर गंगापुरीच्या बाजूला. दोन खोल्या, मातीच्या भिंती, पुढं शेणानं सारवलेलं एवढंसं अंगण, त्यात तुळस. घर छोटं, म्हणून आमचं सगळं आयुष्य घाटावर. कपडे घाटावर, भांडी घाटावर, भांडणं घाटावर. सकाळी सातला आई धुण्याची बादली घेऊन निघाली की मी तिच्या मागं. प्रत्येक बाईचा दगड ठरलेला. दुसरीच्या दगडावर कुणी बसायचं नाही. बसलं तर दिवसभर बोलणी. त्या दगडांवरच गावाच्या सगळ्या बातम्या. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या घरी सावकार येऊन बसला, कुणाच्या नवऱ्यानं काल पुन्हा पिऊन धिंगाणा घातला. बाई रडायची ती पण घाटावर, तोंडावर पाणी मारत. पाण्यानं ओलं तोंड, त्यात डोळे ओले आहेत हे कुणाला कळतंय!

हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव. एकेका घाटाची पाळी. घाटावर मांडव पडायचा, कृष्णाबाई येऊन बसायची, जेवणावळी उठायच्या. आम्ही पोरं रोज कुठल्या ना कुठल्या पंगतीला. आणि रंगपंचमीला बावधनचं बगाड. ते बगाड ओढायला बैलांच्या जोड्यामागून जोड्या, आणि आम्ही आण्णांच्या खांद्यावर. बगाड बघून आलं की पुढचे आठ दिवस आम्ही अंगणात चुलीच्या लाकडांचं बगाड करून मांजराला त्यावर बसवायचो. मांजर काही बसायचं नाही.

पसरणी घाटातनं एस.टी. वर चढायची तिचे दिवे संध्याकाळी आमच्या अंगणातनं दिसायचे. शाहीर साबळे त्याच पसरणी गावचे. रेडिओवर त्यांचा आवाज लागला की आण्णा म्हणायचे, "आपला माणूस आहे." जसा काही कालच आमच्याकडं जेवून गेलाय! मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा आहे, 1739 ला वसईचा किल्ला जिंकल्यावर तिकडून आणलेली. मी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा बघितली, तेव्हा गुरुजी म्हणाले, "ही लढाईत जिंकलेली आहे, हात लावू नका." आम्ही सगळ्यांनी हात लावला.

आता कामाचं सांगते. वाईकडची हळद तुम्हाला माहीतच आहे. अक्षय तृतीयेच्या आसपास लागण, आणि संक्रांतीनंतर काढणी. काढणी सुरू झाली की गावातल्या निम्म्या बायका हळदीला. आई पण जायची. शेतातच चुलाण पेटायचं, वर मोठी काहील, खाली उसाचं पाचट जाळायला. शिजलेल्या हळदीचा वास असा यायचा की अजूनही कुठं हळद शिजत असली तर मी रस्त्यात थांबते. मग ती हळद खळ्यावर वाळत घालायची, पंधरा दिवस उन्हात. रोज हलवायची, रात्री झाकायची. बायकांचं काम गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी मोडायचं. दिवसभर वाकून मोडायचं. ओली पाच पोती हळद वाळून जेमतेम एक पोतं व्हायची. आई म्हणायची, "बाईच्या कष्टासारखीच आहे बघ हळद. पाच पोती घाला, एक पोतं दिसतं."

त्या दिवसांत आईचे हात कोपरापर्यंत पिवळे. शाळेत माझ्या वहीवर पिवळे डाग. बाकीच्या पोरी हसायच्या. मला लाज वाटायची. आज त्या डागाची एक वही कुणी मला आणून दिली तर मी देव्हाऱ्यात ठेवीन.

आणि आता ऐका, आपल्या गटाची गोष्ट कुठं सुरू झाली ती. आपण म्हणतो ना, बचत गट सरकारनं आणले. आणले असतील. पण आमच्या घाटावर 1970-72 ला भिशी चालायची. बारा बायका. महिन्याला पाच रुपये. त्या काळी पाच रुपये म्हणजे चेष्टा नव्हती. वही नाही, ठराव नाही, शिक्का नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी धुणं झालं की सगळ्या पदराची गाठ सोडायच्या, पैसे एका पितळी डब्यात. आणि चिठ्ठी कुणी काढायची? लहान पोरानं, कारण त्याला लबाडी कळत नाही. ते लहान पोर म्हणजे मी! लिहिता कुणालाच येत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्यांऐवजी बारा वस्तू असायच्या. कुणाचं बटण, कुणाची सुपारी, कुणाचा काचेचा मणी. आईची होती चिंचोका. मी डोळे मिटून हात घालायची आणि चिंचोका बोटाला लागला तरी दुसरंच काही काढायची. आईनंच बजावलं होतं, "माझा चिंचोका ओळखून काढलास तर हात मोडीन."

तरी तीन वर्षांत आईला तीनदा भिशी लागली. साठ-साठ रुपये. त्या पैशांतून मागच्या खोलीवर कौलं पडली. आधी पाचटाचं छप्पर होतं, पावसात गळायचं, रात्री आम्ही भांडी घेऊन उठायचो. कौलं पडली त्या पहिल्या पावसात आई रात्रभर जागी राहिली. आम्ही विचारलं, "आता का जागी?" म्हणाली, "आवाज ऐकतेय."

हे कौलांचं लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

वाईत आणखी एक मोठी गोष्ट होती, अजून आहे. मराठी विश्वकोशाचं कार्यालय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथं होते. जगातलं सगळं ज्ञान मराठीत आणायचं काम आमच्या गावात चाललं होतं, त्याचा पहिला खंड 1976 ला आला. आई त्या बाजूनं हळदीला जायची तेव्हा मला सांगायची, "इथं जगातलं सगळं लिहून ठेवतात." मी विचारलं, "आपलं पण?" आई हसली. आई स्वतः अंगठा लावायची. जिथं जगाचा कोश लिहिला गेला त्या गावात माझ्या आईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकले, म्हणून मी तिला वाचून दाखवायची. फक्त एक कागद सोडून. त्या कागदाचंच मला सांगायचंय.

1983 ला माझं लग्न झालं, इकडं कोरेगाव तालुक्यात आले. दोन धाकट्या बहिणींची पण लग्नं झाली. भाऊ एकटा, सगळ्यांत लहान, आमचा लाडका. 1996 ला आण्णा गेले. दिवस झाले, आणि दुसऱ्याच महिन्यात भावाचा निरोप आला: "तायांनो, एक सहीचं काम आहे, या." आम्ही तिघी गेलो. भावजयीनं पुरणपोळी केली, तिघींना साड्या घेतल्या. मला मोरपंखी रंगाची. मग रिक्षानं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. लिहिणारा घाईत होता. मी विचारलं, "काय लिहिलंय?" भाऊ म्हणाला, "काही नाही ताई, घर माझ्या नावावर करायचंय, नाही तर कचेरीत हेलपाटे पडतात." मी सातवी शिकलेली. कागद माझ्या हातात. तरी मी वाचला नाही. का नाही वाचला? कारण वाचला असता तर भावाला वाटलं असतं, ताईचा विश्वास नाही.

मी सही केली. बहिणींनी केल्या. आणि शेवटी आईनं अंगठा लावला. माझ्याच हातानं मी तिचा अंगठा शाईवर धरला.

तो कागद हक्कसोडपत्र होता. त्या घरातला आमचा तिघींचा आणि आईचाही हक्क आम्ही सोडला होता. आईचा पण! जिच्या भिशीची कौलं त्या घरावर होती तिचा.

भाऊ वाईट नव्हता हो. हे मी आजही सांगते. आईला तो जीव लावायचा. पण पुढं त्यानं मित्राच्या जीपच्या कर्जाला जामीन राहायचं केलं, मित्र बुडाला, मग स्वतः कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं. तुम्हाला सांगायला नको ते चक्र कसं फिरतं. 2009 ला त्यानं घर विकलं. विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. कागदावर एकच नाव होतं. आता तिथं तीन मजली इमारत आहे.

आई माझ्याकडं आली. एक पत्र्याची पेटी आणि तुळशीची कुंडी घेऊन. सहा वर्षं माझ्याकडं होती. माझ्या सासरच्यांनी तिला काही कमी केलं नाही, मालकांनी तर आईसारखंच बघितलं. पण संध्याकाळ झाली की ती दारात बसायची आणि म्हणायची, "पोरी, मी घरी कधी जायचं?" सुरुवातीला मी म्हणायची, आई, हेच तुझं घर. नंतर मी काही बोलायचीच नाही. पाऊस आला की ती वर बघायची. आमचं घर स्लॅबचं. स्लॅबवर पावसाचा तसा आवाज येत नाही.

2015 ला ती गेली. पेटी उघडली तर आत दोन लुगडी, आण्णांचा फोटो आणि एका चिंधीत चिंचोका.

(इथं ताई थोडा वेळ थांबल्या.)

असो. आता मी तुम्हाला रडवायला उभी राहिले नाही. गटात आल्यावर, ग्रामसंघाच्या प्रशिक्षणात, एका वकीलबाईंनी कायदा समजावला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं होतं. ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणींचा कागद अजून व्हायचा आहे.

एक. आण्णांनी स्वतः बांधलेलं घर. मृत्युपत्र नाही. तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुली सगळ्यांना सारखा वाटा. आम्ही चार भावंडं आणि आई, म्हणजे पाच वाटे. एक पंचमांश घर आईचं होतं. कुणी उपकार म्हणून द्यायचं नव्हतं, तिचंच होतं.

दोन. वडिलोपार्जित जमीन किंवा घर असेल तर 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे. आधी लोक म्हणायचे, "वडील 2005 च्या आधी गेले, मग तुमचा हक्क नाही." सुप्रीम कोर्टानं 2020 ला ते पण स्पष्ट केलं. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल, तर ती या कायद्यानं मोडत नाही.

तीन. लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. हुंडा दिला, लग्नात खर्च केला, तरी जात नाही. आपण स्वतः सही करून सोडला तरच जातो.

चार. कुणी वारलं की गावकामगार तलाठ्याकडं, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंद होते. त्यात सगळ्या वारसांची नावं लागली पाहिजेत. फेरफार धरला की नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. गावठाणातलं किंवा शहरातलं घर असेल तर मिळकत पत्रिकेवर नावं बघा. सातबारा आता मोबाइलवर दिसतो. आपल्या पोरी दिवसभर मोबाइल बघतात ना, त्यांना सांगा, "आज आईच्या माहेरचा सातबारा काढून दाखव."

पाच. अडचण आली तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथं वकील फुकट मिळतो. उत्पन्नाची अट बाईला नाही.

आता तुम्ही मनात म्हणत असाल, "ताई, भावाशी वाकडं घ्यायचं का? माहेर तुटलं तर?" बरोबर आहे. ही भीती मलाही होती. माहेरची साडीचोळी, दिवाळीचं आवतण, आजारपणात पाठ टेकायला एक दार, हे सगळं त्या एका सहीला बांधलेलं असतं हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही. म्हणून मी तुम्हाला भांडा म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, वाचल्याशिवाय सही करू नका. सोडायचं तर समजून सोडा. आणि स्वतःचं सोडलंत तरी आईचं सोडू देऊ नका.

आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. त्या घरावर आमची पाच नावं असती, तर भावाला एकट्याला ते विकता आलंच नसतं. कर्ज देणाऱ्यानं आमच्या सह्या मागितल्या असत्या. आम्ही तिघी बहिणी येऊन बसलो असतो, त्याला चार शब्द बोललो असतो, आमच्या गटातून काही सोय केली असती. म्हणजे आमची नावं असती तर घर भावाचंसुद्धा वाचलं असतं. आज तो भाड्याच्या खोलीत राहतो. मी दर राखीला जाते. तो माझ्याकडं बघत नाही, ताटाकडं बघत ओवाळून घेतो. आम्हाला वाटलं सही करून माहेर राखलं. सहीनंच माहेर गेलं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातली एक जण मीटिंगला आली, म्हणाली, "भावानं बोलावलंय, सही आहे." नाव सांगत नाही, ती इथं बसलीय. आम्ही त्या दिवशी हप्त्याचं काम बाजूला ठेवलं. तिला म्हटलं, कागदाचा फोटो मागवून घे. फोटो आला, आमच्या बँक सखीनं मोठ्यानं वाचला. त्यात तिच्या आईचं पण नाव होतं. ती भावाकडं गेली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, माझा वाटा तुला घे, मी खुशीनं देते. पण आईचं नाव राहू दे." दादा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ठीक आहे." आज त्या माउलीचं नाव सातबाऱ्यावर आहे. आणि रक्षाबंधनाला ही गेली, तर आईनं तिला स्वतःच्या नावाचा उतारा दाखवला. वाचता येत नाही, पण नाव कुठल्या ओळीत आहे ते तिला पाठ आहे.

म्हणून माझी या सभेला एक विनंती आहे, ठराव नाही. आपल्या मासिक बैठकीत बचत, कर्ज, परतफेड झाली की पाच मिनिटं एक विषय घ्या: "या महिन्यात कुणाला कुठं सही करायचीय का?" बस्स, एवढा एक प्रश्न. ज्यांच्या घरी नवीन बाळ झालंय त्यांना तर माहीतच असेल, 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात सरकारी कागदावर आईचं नाव लावायचं आहे. नातवंडांच्या नावात आई आली. आता घराच्या कागदावर पण येऊ द्या.

मी अजून वाईला जाते. घाट तसाच आहे. पाणी आता धोम धरणाच्या मर्जीनं येतं, धुणं धुणाऱ्या बायका कमी झाल्यात, सिनेमावाले जास्त दिसतात. गंगापुरीच्या बाजूला ती तीन मजली इमारत आहे. मी तिच्याकडं बघत नाही. मी खाली उतरते, आईच्या दगडावर बसते. तो दगड कुणाच्या नावावर नाही, म्हणून तेवढा राहिलाय.

पाऊस सुरू झालाय बाहेर, तुम्हाला घरी जायचंय. जाताना एवढंच करा: ज्यांच्या आई आहेत त्यांनी आज रात्री फोन लावा आणि विचारा, "आई, तुझं नाव कुठल्या कागदावर आहे गं?"